बरणीभर पाणी

आमच्याकडे पाहुणे आले की नवरा त्यांना आधीच सांगून ठेवतो, "ही पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून बघेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी धरतेच. पाणी असो, सरबत असो, ग्लास आधी खिडकीकडे जातो, मनगटातून एक गिरकी घेतो आणि मग ओठाला लागतो. ताकसुद्धा मी असंच धरते. ताकातून आरपार काय दिसणार, पण हात ऐकत नाही. मुलीचं म्हणणं असं की जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालाही मी खिडकीपाशी बसवलं होतं.

ही खोड मला नोकरीनं लावली. बत्तीस वर्षं मी लष्करी विमानांच्या इंधनाच्या डेपोत होते, तिथल्या प्रयोगशाळेत. गणवेशातली नव्हे, साध्या साडीतली कर्मचारी. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून मिरजेहून जयपूरला आले, वर्षभर भाड्याच्या खोलीत भिंतींकडे बघत बसले, आणि रसायनशास्त्राची पदवी होती म्हणून अर्ज केला. काम ऐकायला सोपं होतं. इंधनात पाणी नाही ना, कचरा नाही ना, एवढंच बघायचं. आमचे पहिले साहेब म्हणायचे, रस्त्यात मोटार बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो, वर आकाशात उतरायला जागा नसते. त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बघायचं.

बाकीच्या कचेऱ्यांत सहकाऱ्यांवर विश्वास ठेवा म्हणून शिकवतात. आम्हाला पहिल्याच दिवशी उलटं शिकवलं. नमुना काढणाऱ्यानं तो पास करायचा नाही, आणि पास करणाऱ्यानं काढणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन माणसं, दोन नजरा, दोन सह्या. दुसरी सही झाल्याशिवाय टाकीची चावी फिरायची नाही. मला हे फारसं शिकवावं लागलं नाही. लग्नाआधी माझी आई म्हणायची की ही पोरगी दुधाला विचारते, तू खरंच दूध आहेस ना. डेपोनं माझ्या वाईट सवयीला हुद्दा दिला एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर डेपोतून फोन आला. डेपो बंद होत होता. काम दुसरीकडे गेलं होतं, टाक्या रिकाम्या करून आतून धुऊन झाल्या होत्या. जागा सोडण्याआधी जुन्या माणसांना एकदा बोलवावं, चहापाणी करावं, असं शेवटच्या साहेबांनी ठरवलं होतं. हे साहेब माझ्या मुलीच्या वयाचे. म्हणाले, "मॅडम, आपल्या डेपोचा छोटासा इतिहास लिहा. चार-पाच पानं. त्या दिवशी तुम्हीच वाचा."

"मीच का?" मी विचारलं.

ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

मग त्यांनी काय लिहायचं नाही ते सांगितलं. टाक्या किती होत्या ते लिहायचं नाही. केवढ्या होत्या ते तर नाहीच. कुठली विमानं, इंधन कुठून यायचं, कुठे जायचं, यातलं काही नाही. फोटो नाही, नकाशा नाही. काम केलेल्या माणसांची यादी हातानं लिहायची, तोंडानं वाचायची आणि कागद परत द्यायचा. मी म्हटलं, "मग इतिहासात उरलं काय?" ते म्हणाले, "माणसं. आणि तुमची ती पाण्याची गोष्ट. ती तर यायलाच हवी."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "तुला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. आता त्यावरच लिहायला बोलावलंय, मग चेहरा असा का?"

चेहरा तसा होता, कारण ती गोष्ट.

डेपोत ती सगळ्यांना पाठ होती. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगितली जायची. प्रयोगशाळेत एक मराठी बाई नवीन लागलेली असते, अजून कायम झालेली नसते. थंडीच्या दिवसांत एका सकाळी टाकीवरचा जुना, अनुभवी माणूस तिला नमुन्याची बरणी आणून देतो. बरणी काचेसारखी स्वच्छ. दुसऱ्या कोणीही ती पास केली असती. पण बाई एका नजरेत ओळखते की बरणीत इंधन नाहीच, नुसतं पाणी आहे. त्याच क्षणी मोठे साहेब अचानक तपासणीला येतात आणि बाईचं म्हणणं खरं ठरतं. बाईला शाबासकीचं पत्र मिळतं, टाकीवाल्याला गेटवर पहाऱ्याला पाठवतात. पुढे तीस वर्षं त्या बाईच्या डोळ्याला कोणी आव्हान देत नाही.

ते पत्र वैशाली नगरच्या आमच्या घरात अजून चौकटीत आहे. मुलीनं शाळेत माझ्यावर निबंध लिहिला तोही याच गोष्टीचा. गोष्टीत खोट एकच. मी ती बरणी पास केली होती.

पंधरा दिवसांनी साहेबांनी यादी पाठवली. प्रयोगशाळा, टाकी, गेट, बाग असे चार भाग. त्या टाकीवाल्याचं नाव गेटच्या भागात होतं. सोबत निरोप होता की हे गृहस्थ दोनदा डेपोत येऊन गेले, आपल्याबद्दल काय लिहिणार असं विचारत होते, तुम्ही एकदा भेटलात तर बरं.

मी तो निरोप दोनदा वाचला. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते अखेर आलं, असं मला वाटलं. तो माणूस आता काहीतरी मागणार होता.

त्यांना मी भाईसा म्हणायची. इकडे वडीलभावाला असं म्हणतात. ते मला मॅडमजी म्हणायचे. त्यांचं बोलणं हिंदी, मधूनच जयपूरकडचं. मी इथे ते माझ्या मराठीत लिहिते आहे, त्यामुळे त्याची निम्मी चव गेली असं समजा.

भेटायला जायच्या आधी मी इतिहास लिहायला घेतला, कारण इतिहास सोपा होता. आमच्याही आधीची माणसं सांगायची की सुरुवातीला टाक्या नव्हत्याच. नुसती पिंपं होती, आडवी रचलेली, कडुनिंबाच्या झाडांखाली, वरून ताडपत्री. उन्हात पिंपं तापून ठणठण आवाज करायची आणि पहारेकरी दचकायचे. मग जमिनीत टाक्या पुरल्या, वर मातीचे उंचवटे केले, त्यावर गवत लावलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी माळरानावर छोट्या टेकड्या करून ठेवल्यात. त्या टेकड्यांवर मोर यायचे. भिंतीपलीकडे तेव्हा बाजरीची शेतं होती.

नंतर शहर सरकत सरकत भिंतीला येऊन टेकलं. घरं झाली, शाळा झाली, मिठाईचं दुकान झालं. आत काय आहे हे बाहेरच्यांना नक्की माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं आत भुयार आहे, ते थेट किल्ल्यात निघतं. कोणी म्हणायचं आत परदेशी कैदी आहेत. रिक्षावाला मला सोडताना आदरानं विचारायचा, "मॅडम, आप अंदर करती क्या हैं?" मी म्हणायची, पाणी बघते. तो समजायचा की सांगायचं नाही म्हणून काहीतरी सांगतेय. खरं सांगूनही कोणाचा विश्वास बसू नये, अशी ती जागा होती.

गेटवर काड्यापेटी, लायटर, पुढे मोबाईल, सगळं जमा करायचं. बुटाला खिळा चालायचा नाही. नायलॉनची साडीही चालायची नाही, कारण नायलॉन घासलं की ठिणगी पडते. माझ्या लग्नात आलेल्या सगळ्या साड्या त्या काळच्या फॅशनच्या, म्हणजे नायलॉनच्या. त्या पेटीतच राहिल्या. बत्तीस वर्षं मी सुती नेसले आणि सासूबाई मिरजेत सगळ्यांना सांगत राहिल्या की सून साधी आहे.

आणि सकाळचा नमुना. सूर्य वर आला की टाकीवाला टाकीच्या तळाचा नळ सोडायचा. पाणी जड, म्हणून असलंच तर ते तळाशी बसतं. पहिली धार फेकायची, मग काचेची बरणी भरायची आणि प्रयोगशाळेच्या दाराशी आणायची. बरणी गरकन फिरवली की आत भोवरा होतो आणि कचरा मध्ये गोळा होतो. मग उजेडाकडे धरायची. खाली पाणी असेल तर इंधन आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते, केसासारखी बारीक. ती रेघ शोधणं हे माझं आयुष्य.

यात एकच खड्डा आहे आणि त्यात पडतो तो आमच्याच धंद्यातला माणूस. बरणीत सगळंच पाणी असेल तर रेघ कुठून दिसणार? विमानाचं इंधन बहुतेक पाण्यासारखंच दिसतं. नुसत्या पाण्याची बरणी ही सगळ्यात स्वच्छ बरणी असते. जो रेघ शोधायला शिकलाय, तो ती सगळ्यात आधी पास करतो. न शिकलेला माणूस निदान वास घेऊन बघेल.

त्या सकाळी मला सर्दी होती. आदल्या दिवशी हिवाळ्यातला पाऊस पडून गेला होता, हात गारठलेले, नाक बंद. नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. भाईसांनी बरणी आणून दिली. मी फिरवली, उजेडाकडे धरली, रेघ नाही, कचरा नाही. "स्वच्छ," मी म्हणाले आणि लिहायला पेन उचललं. भाईसा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं. हसू होतं की बोलणं, ते मी नंतर हजार वेळा आठवून पाहिलं आणि मला कधीच ठरवता आलं नाही.

तेवढ्यात मोठे साहेब दारात. कडक माणूस. त्यांनी माझ्या हातातून बरणी घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी काही बोलायच्या आत भाईसा पुढे झाले. "साहेब, पाणी आहे. बरणी धुऊन मीच भरून ठेवली होती, चुकून तीच उचलून आणली. मॅडमजींनी आत्ता ओळखलं. मला रागावतच होत्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

एवढंच मी केलं. मान हलवली. टाकीच्या नमुन्याच्या जागी धुण्याचं पाणी आणणारा हात टाकीवर नको, असं साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं. वीस वर्षांहून जास्त टाकीवर असलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून गेटवर बसला. मला पत्र मिळालं, नोकरी कायम झाली.

माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी भाईसांच्या घरी जाऊन पाय धरले असते. मी संशय घ्यायला लागले. हा माणूस खोटं का बोलला? त्याला काय मिळालं? ज्याला काहीच मिळत नाही तो खोटं बोलत नाही, असा माझा हिशेब. आधी मला वाटलं, प्रयोगशाळेत बाई आली हे त्यांना खपलं नव्हतं. मला तोंडावर पाडायला त्यांनी मुद्दाम पाणी आणलं, साहेब अवचित आले म्हणून सारवासारव केली. मग वाटलं, ते पाणी टाकीतलंच होतं. आतलं इंधन बाहेर जात असेल, त्याच्या जागी पाणी भरत असतील, आणि मोठी चोरी लपवायला छोटी चूक कबूल केली. त्यासाठी मी वर्षभर त्यांची सायकल बघत होते, तिची स्कूटर कधी होते म्हणून. ती सायकलच राहिली. शेवटी वाटलं, त्यांना माझ्यावर एक हत्यार हवं होतं. कधीतरी वापरतील.

पंधरा वर्षं ते गेटवर होते. पंधरा वर्षं रोज सकाळी मी पर्स उघडून त्यांच्यासमोर धरायची आणि ते विचारायचे, "माचिस, मॅडमजी?" मी म्हणायची, "नाही, भाईसा." नियमच होता, सगळ्यांनाच विचारायचे. पण मला त्या दोन शब्दांत रोज दुसरंच काही ऐकू यायचं. आज मागणार, उद्या मागणार. दिवाळीला मिठाई घेऊन आले तेव्हा मी डब्याच्या तळाशी चिठ्ठी आहे का ते बघितलं. खाली नुसता तुपाचा डाग होता. ते निवृत्त झाले त्या दिवशी मी रजा घेतली.

आता खरं सांगते. तो संशय मला सोयीचा होता. ते वाईट आहेत असं जोवर वाटत होतं, तोवर माझी हललेली मान मला टोचत नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं, पण जे कळतं ते सगळंच माणूस मान्य करत नाही.

मुलगी विद्याधर नगरला राहते. भाईसांचं घर तिच्यापासून पुढे दहा मिनिटांवर. ती गाडी घेऊन आली. वाटेत म्हणाली, "आई, तू इतकी टेन्शनमध्ये का आहेस? मतलब, म्हातारा माणूस आहे, काय खाणार आहे का तुला?" मी म्हटलं, तू गाडी चालव. ती गाडीतच फोन बघत थांबली आणि मी एकटी आत गेले.

भाईसा अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. पार वाळले होते, पण मान ताठ. सुनेनं दार उघडलं आणि त्यांच्या कानाशी जाऊन डेपोतल्या मॅडम आल्यात असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नमस्काराच्या आधी विचारलं, "कुणी चौकशी काढली का?"

मी म्हटलं, "नाही, भाईसा. कसली चौकशी?"

"मग तुम्ही का आलात? इतक्या वर्षांत आला नाहीत."

म्हणजे तेही माझ्यावर संशय घेत होते. मला उगाच थोडं बरं वाटलं. सुनेनं दोन ग्लास पाणी आणलं. मी ग्लास उजेडाकडे धरला. समोर पाहिलं तर त्यांचाही ग्लास वर गेलेला. सून आमच्याकडे बघत राहिली. बहुधा तिलाही आपल्या पाण्याबद्दल वाईट वाटलं असेल.

मी आडवळणानं बोलणार होते. तसं ठरवून गेले होते. पण ग्लास खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी बरणीत पाणी मुद्दाम आणलं होतंत का?"

"हो," ते म्हणाले.

इतकी वर्षं ज्याचा संशय होता ते खरं निघालं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"नव्या माणसाला एकदा पाण्याची बरणी द्यायची, ही टाकीवाल्यांची रीत होती," ते म्हणाले. "साहेबांना ठाऊक नसायची. मला माझ्या उस्तादानं दिली होती. मी म्हटलं, एकदम साफ आहे, उस्तादजी. त्यांनी माझे कान असे पिरगळले की आठवडाभर लाल होते. मग सांगितलं, डोळा फसतो. नाकाला विचार, हाताला विचार, आणि कोणालाच विचारायला जमलं नाही तर एक थेंब पाणी टाकून बघ. इंधन असेल तर थेंब मोत्यासारखा तळाला जाईल. पाणी असेल तर गायब होईल. त्यानंतर मी जन्मात चुकलो नाही. सगळ्यांना देत आलो बरणी. सगळे नापास झाले. तुम्हीही झालात. मी तुम्हाला तेच सांगायला तोंड उघडत होतो, तेवढ्यात साहेब आले."

थेंबाची युक्ती मी त्याच आठवड्यात पुस्तकात शोधून काढली होती. पुढे प्रत्येक बरणीत एक थेंब टाकत आले, आणि लोकांना ते माझं कसब वाटत राहिलं.

"मग खोटं का बोललात?" मी विचारलं. "ही रीत आहे असं सांगायचं."

"सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, ठीक, पण हिनं पास केली ना? तुमची नोकरी कच्ची होती. परीक्षा मी घेतली होती, तर तिचं जे काही होईल ते माझ्याकडे." त्यांनी ग्लासातलं पाणी संपवलं. "मला वाटलं, महिन्याभरात तुम्ही जाऊन साहेबांना खरं सांगाल. नोकरी पक्की झाल्यावर. मग वाटलं, वर्षभरात. मग मी वाट बघायचं सोडलं."

ते हे रागानं म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते नुसतं सांगत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी पदराशी चाळा करत राहिले.

"गेटवर रोज तुम्ही माचिस विचारायचात," मी म्हटलं. "मला वाटायचं, तुम्ही मला काहीतरी सुचवताय."

"माचिसच विचारत होतो, मॅडमजी."

मग मीच विचारलं की यादीबद्दल ते डेपोत कशासाठी गेले होते, त्यांना काय हवंय. ते सुनेकडे बघत हळू बोलले. "त्या दिवशी सगळे जमतील. टाकीवाल्यांची नावं वाचतील. माझे उस्ताद त्यात आहेत, मी शिकवलेले दोघे त्यात आहेत. माझं नाव गेटवर वाचलं जाईल. गेट वाईट नाही. पण मी टाकीवाला आहे. घरात सगळ्यांना वाटतं की बाबा चौकीदार होते. सुनेला तर कधी खरं वाटलंच नाही. तेवढं एक बदलता आलं तर बघा. नाही आलं तरी चालेल."

एवढीच मागणी होती. पस्तीस वर्षं मी जिची धास्ती घेतली होती ती.

घरी येऊन मी लिहिलेलं सगळं पुन्हा लिहिलं. साहेबांना फोन करून विचारलं, नाव दुसऱ्या भागात घालता येईल का. ते म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डप्रमाणे ते गेटवरून निवृत्त झाले. बदलायला काही कारण हवं." मी म्हटलं, कारण मी वाचून दाखवेन. ते म्हणाले, "काही गडबड नाही ना?" पहिल्यांदाच मला हा पोरगा डेपोत शोभेलसा वाटला.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "हे काढू का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आधी वाचून येऊ दे.

कार्यक्रम सकाळी अकराला होता, डेपोच्या आवारात, गवताच्या टेकड्यांसमोर. टाक्यांची झाकणं उघडी ठेवली होती आणि गेटवर कोणी काड्यापेटी विचारली नाही. मला ते फार चमत्कारिक वाटलं, मी पर्स उघडूनच आत गेले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शंभरेक माणसं असतील, निम्म्यांचे कान गेलेले. भाईसा पहिल्या रांगेत, पांढरं धोतर, केशरी साफा, शेजारी सून.

मी पिंपांपासून सुरुवात केली. मोर आले, नायलॉनच्या साड्या आल्या, लोक हसले. मग पाण्याची गोष्ट आली आणि माणसं सरसावून बसली, कारण ती त्यांची आवडती होती. मी म्हटलं, "ती गोष्ट तुम्ही जशी ऐकलीत तशी नाही. ती बरणी मी पास केली होती. मला ओळखता आलं नव्हतं. भाईसांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी ती घेऊ दिली. त्यानंतर मी एवढी वर्षं त्यांच्यावरच संशय घेतला. आज सांगते आहे, कारण आणखी उशीर करायला आता जागा उरलेली नाही."

मागे कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाल्या. शेजाऱ्यानं ते पुन्हा, माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं. मी यादी वाचायला घेतली. टाकी या भागात त्यांच्या उस्तादांचं नाव वाचलं आणि त्याखाली भाईसांचं. सूनबाईनं मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. गेटचा भाग वाचताना ते नाव घेतलं नाही.

वाचून झाल्यावर कागद साहेबांना परत द्यायचा होता. भाईसांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आधी मला दाखवा." मी कागद दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला, डोळे बारीक करून आपल्या नावापर्यंत आले, वरच्या भागाचं शीर्षक वाचलं, पुन्हा नावावर आले. वास घेतात की काय असं मला क्षणभर वाटलं. मग खाली माझी सही होती तिच्यावर बोट ठेवलं.

"ही तुमची," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी बघितलं?"

"अजून नाही," मी म्हणाले, आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचली, आणि माझ्या सहीखाली सही केली.